पुढच्या पानाची वाट

बाटलीतून नुकतंच काढलेलं केळीचं रोप तळहातावर घेतलं तर वजन जाणवतच नाही. तीन-चार नाजूक पानं, पांढरट खोड आणि खाली चिकट अगारमध्ये गुंतलेली मुळं. पानं इतकी हिरवी आणि नितळ असतात, की ती दिवसभरही तग धरणार नाहीत हे खरं वाटत नाही. पण मे महिन्यात रावेर-यावलकडे पारा ४५च्या आसपास गेला आणि झळा सुरू झाल्या, की उघड्यावर ठेवलेलं असं रोप बघता बघता माना टाकतं. मग कितीही पाणी घाला, ते पान उठत नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या एका टिश्यू कल्चर रोपवाटिकेत मी हे काम जवळून पाहिलं. खान्देशात आता मुनव्यांऐवजी, म्हणजे कंदाला फुटलेल्या पिलांऐवजी, अशी रोपं लावणारे शेतकरी पुष्कळ आहेत, आणि त्यांत मागणी ग्रँड नैनला, म्हणजे सगळे ज्याला ‘जी-नाइन’ म्हणतात त्या वाणाला. पाहुण्यांना कौतुकाने दाखवली जाते ती प्रयोगशाळा. काचेच्या बाटल्या, पांढरे दिवे, गार हवा. माझ्या मते मात्र रोपाचं जगणं-मरणं ठरतं ते तिच्या मागच्या शेडमध्ये, जिथे रोपाला बाहेरच्या हवेसाठी तयार करणारं ‘हार्डनिंग’ चालतं.

बाटलीत रोपाला कशाचीच तोशीस नसते. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तयार केलेल्या माध्यमात क्षार असतात, लिटरमागे साधारण ३० ग्रॅम साखर असते, आणि आतली हवा दमटपणाने जवळजवळ पूर्ण भरलेली असते. त्यामुळे पानावर मेणाचा थर नीट धरत नाही. पर्णरंध्रं उघडी ती उघडीच राहतात. हवा कोरडी झाली तरी ती मिटत नाहीत. अगारमध्ये फुटलेल्या मुळांवर केशमुळं नावापुरतीच. म्हणजे पाणी वरून झपाट्याने उडतं आणि खालून जेमतेम येतं. हे पान काही दिवसांत बाहेरच्या हवेला सरावेल, असं आपण धरून चालतो. ते फारसं सरावत नाही. त्याला फक्त जिवंत ठेवायचं असतं, बाहेरच्या हवेत घडलेलं नवं पान उमलेपर्यंत.

कामाची सुरुवात धुण्यापासून होते. शेडमध्ये टबांभोवती बायका बसलेल्या असतात आणि एकेक रोप पाण्यात बोटांनी हलवून मुळांना चिकटलेलं अगार सोडवतात. त्याचा कणही राहून चालत नाही, कारण त्यात साखर असते आणि साखरेवर बुरशी धरते. मूळ तुटू नये म्हणून जोर बोटांच्या टोकांवर, नखांवर नाही. मग बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून रोपं आकारानुसार वेगळी होतात आणि भिजवलेल्या कोकोपीटच्या प्रो-ट्रेमध्ये लागतात. काडीने भोक, रोप आत, दोन बोटांचा हलका दाब. मधला पोंगा, म्हणजे न उलगडलेलं पान, कोकोपीटखाली गेला तर तो कुजतो, आणि रोप फार वर राहिलं तर कलंडतं. ओली पानं एकमेकांना चिकटलेली असतात, तीही एक बाई करंगळीने सोडवत होती. तिचा हात क्षणभरही थांबत नव्हता, पण एकही पान चिकटलेलं राहत नव्हतं.

भरलेले ट्रे प्लॅस्टिकच्या बुटक्या टनेलखाली जातात. पहिले काही दिवस आत ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखतात, म्हणजे बाटलीपेक्षा थोडीच कमी. पुढे प्लॅस्टिक आधी सकाळ-संध्याकाळ कडेला थोडं उचलतात, मग जास्त वेळ, मग पूर्ण काढतात आणि धुकं उडवणाऱ्या फॉगरच्या फेऱ्याही कमी करत नेतात. हे सगळं चार ते सहा आठवड्यांत होतं, पण कुठल्या दिवशी किती उचलायचं हे तक्त्यावरून ठरत नाही. तिथल्या सुपरवायझर ताई ऊन चढल्यावर एक कोपरा उचलत आणि काहीही न बोलता पोंगे बघत. पोंगा सरळ उभा असेल तर प्लॅस्टिक तसंच वर. कडेची जुनी पानं पिवळी पडत असली, तरी त्यांची त्या चिंता करत नसत.

नवं पान हाताला कळतं. ते किंचित जाड असतं आणि त्याची चमक कमी असते. त्यावर पाणी शिंपडलं तर थेंब गोळा होऊन घरंगळतो. बाटलीतल्या पानावर तोच थेंब पसरतो.

अशी पानं आली की रोप ट्रेमधून पिशवीत जातं. उपटताना कोकोपीटचा गठ्ठा मुळांसकट अखंड आला पाहिजे. भुगा गळून पडला, तर मुळांनी जागा धरलेली नाही, म्हणून ते रोप परत ट्रेमध्ये. पिशवीत माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत. वर ५० टक्के सावलीची शेडनेट. इथे वारा पहिल्यांदा अंगाला लागतो, म्हणून पश्चिमेची बाजू जाळीने बंद ठेवतात. पाणी हात आखडूनच द्यावं लागतं. रोप मलूल दिसलं की झारी घेऊन धावावंसं वाटतं, पण पिशवी सतत चिंब राहिली तर कंदकुज येते. पानांवर तपकिरी-तांबडे डाग दिसले की नवखे शेतकरी घाबरतात, मात्र कोवळ्या जी-नाइनला ते असतातच आणि पुढे जातात. पिवळसर पट्ट्यांचं रोप मात्र लगेच उपटून बाहेर काढतात. तो हरण्या, म्हणजे विषाणूचा रोग असू शकतो.

आणखी सहा ते आठ आठवडे असे काढायचे असतात, आणि नेमकी इथेच घाई होते. मृगबागेची लागवड जूनमध्ये, गाड्या दाराशी उभ्या, आगाऊ पैसे दिलेले शेतकरी फोनवर. अशा वेळी दाट सावलीत वाढलेली, उंच पण लुसलुशीत रोपं गाडीत चढताना मी पाहिली आहेत. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण पुढच्या वर्षभराचा खर्च शेतकऱ्याचा असतो. गाडी उघडी असेल तर वाटेतल्या वाऱ्यानेच अशी पानं फाटतात आणि करपतात. नीट काम करणारे शेवटच्या दिवसांत सावली कमी करतात आणि भर दुपारी रोपांकडे बघतात. तयार रोपाच्या पानाचे दोन्ही अर्ध मधल्या शिरेवरून खाली झुकतात, पाणी राखतात आणि ऊन उतरलं की पुन्हा सपाट होतात. लुसलुशीत रोपाचं पान देठापासूनच लोळतं.

शेतकऱ्याने म्हणून उंची मोजत बसू नये. बाहेरच्या हवेतली पाच-सहा पानं आहेत का आणि खोडाचा बुंधा जाड आहे का, ते पाहावं. शंका असेल तर एक पिशवी फाडून मुळं बघू द्या असं म्हणावं, आणि नकार मिळाला तर दुसरी रोपवाटिका गाठावी.