सातबारा उघडा, आईचं नाव शोधा

मोबाइल हातात आहेच, तर एक करा. महाभूलेखवर जा, गावाकडच्या जमिनीचा गट नंबर टाका आणि भोगवटादारांमध्ये आईचं नाव शोधा. मी शोधलं. नव्हतं.

माझे पप्पा 11 वर्षं कुरुळीत राहतात. चाकण एमआयडीसीत नोकरी, तिघांत एक खोली, दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट. पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या या गावात अशा खोल्यांची कमी नाही. रविवारी किराणा दुकानासमोर थोडा वेळ थांबलात तर हिंगोली, बीड, नांदेडची बोली कानावर पडते. यातल्या बऱ्याच जणांची शेती गावी बायको बघते. आमची तीन एकर आई बघते. पेरणी, फवारणी, मजुरांचे पैसे, सोयाबीन कधी विकायचं, सगळं तीच ठरवते. कागदावर शेतकरी मात्र पप्पा!

मागे एकदा पावसात पीक गेलं. पंचनाम्याच्या वेळी चिखलात बांधावर उभी होती आई. पुढे कागदपत्रं द्यायला गेली तर पहिला प्रश्न, "खातेदार कुठायत?" पप्पांनी दोन दिवस बिनपगारी रजा टाकली, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेले, सही करून परत आले. पीक कर्जालाही हेच, दरवर्षी.

2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या शेती कसणाऱ्या खातेदारांमध्ये बायका होत्या सुमारे 14 टक्के. एसटीच्या खिडकीतून खुरपणीला वाकलेल्या बायका दिसतात ना, त्या आठवा आणि आकडा परत वाचा.

यावर महाराष्ट्रात जी चळवळ झाली, तिचा नेता कुरुळीपासून जवळच, चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करायचा. शरद जोशी. कांदा आंदोलनामुळे आपण त्यांचं नाव ऐकलेलं असतं. त्यांच्या शेतकरी संघटनेनं 1986 मध्ये चांदवडला महिलांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली. म्हणजे नवऱ्यानं आपणहून जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर घरं हे करतील, ते लक्ष्मी मुक्तीचं गाव. सरकारनंही 1992 मध्ये परिपत्रक काढलं. नवऱ्यानं स्वतः अर्ज दिला, तर तो हयात असतानाच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागू शकतं. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा, मग फेरफार होतो. मास मीडियाच्या डिग्रीत मला हे कुणी शिकवलं नाही, पप्पांनाही माहीत नव्हतं.

मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क आहे. महाराष्ट्रानं ती दुरुस्ती 1994 मध्ये केली, केंद्रानं 2005 मध्ये. बायकोचं तसं नाही. नवरा असेपर्यंत तिचं नाव आपोआप लागत नाही, आणि अडतं नेमकं तो परगावी असतो तेव्हाच. तुमच्या सातबाऱ्यावर अजून आजोबाच असतील, तर आधी वारसनोंद किंवा वाटणी करावी लागेल. घराचं त्यापेक्षा सोपं आहे. 2003 च्या शासन निर्णयानुसार ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये नवरा-बायको दोघांची नावं लागतात.

मी पप्पांना विचारलं. ते म्हणाले, "घरचीच तर आहे, नाव कशाला?" हे उत्तर तुम्हालाही मिळणार, तयारीत राहा. मी म्हटलं, घरचीच आहे तर लावायला काय हरकत? ते गप्प. मला वाटतं भीती आईची नव्हती, भाऊबंद काय म्हणतील याची होती. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी सेकंड शिफ्टचा डबा भरता भरता म्हणाले, "अर्ज लिहून ठेव. पोळ्याला जाईन तेव्हा देतो."

लिहिला. रात्री आईला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाव आधारवर आहे तसंच लिहिलंस ना? नायतर परत फेऱ्या."