जन्माचे सत्य आणि वैद्यांचे कर्तव्य

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये डॉ. बैद्यनाथ चक्रवर्ती यांनी प्रजनन-वैद्यकाची संस्था उभारली. अशा शास्त्रामुळे देशभर अनेक अपत्यहीन दांपत्यांना संतती लाभली, परंतु जेथे परक्या दात्याचे बीज वापरावे लागले, तेथे पुष्कळ घरांत ती गोष्ट मुलांपासून झाकून ठेवण्याचाच प्रघात पडला. आता नळीत लाळ भरून टपालाने पाठविली की घरबसल्या डीएनए चाचणी होते, आणि झाकलेला मजकूर अवचित उघडा पडतो.

अपत्याचे निम्मे आनुवंशिक द्रव्य पित्याकडून येते. ते जुळले नाही, तर जैविक पितृत्वाचा निकाल तेथेच लागतो. मात्र एखाद्या अपरिचिताशी चतुर्थांश साम्य दिसले, तर तो सावत्र भाऊ, काका की आजोबा, हे त्या आकड्यावरून कळत नाही. वय आणि वंशावळ पाहावी लागते.

पश्चिम बंगालमधील पोटगीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली पितृत्व ठरविण्यासाठी सरसकट रक्ततपासणीचा हुकूम देण्यास मनाई केली. कृत्रिम प्रजननाविषयीच्या 2021 च्या कायद्याने दात्याचे अपत्यावरील पालकत्वाचे हक्कही संपुष्टात आणले. पण आजार कायदा पाहत नाहीत. ‘वडिलांना मधुमेह होता का? घराण्यात थॅलेसेमिया?’ असे डॉक्टर विचारतात, तेव्हा अजाण अपत्य दुसऱ्याच रक्ताची हकीकत सांगते आणि तीच कागदोपत्री चढते. म्हणून उपचार आरंभण्यापूर्वीच डॉक्टरांनी दांपत्याला लपवाछपवीचे हे परिणाम स्पष्ट सांगावेत, आणि पुढे पितृकुळाचा इतिहास ठाऊक नसेल, तर तशी नोंद निःसंकोचपणे करावी.