फोनवर कसले आलेत मनाचे उपचार?

ऑनलाइन समुपदेशन म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पुण्या-मुंबईचा माणूस. लॅपटॉप, कानात हेडफोन, बंद दाराची खोली आणि अर्ध्याहून जास्त इंग्रजीत चाललेलं बोलणं. हिंगोलीच्या सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या माणसाला हे आपलं वाटत नाही, यात नवल नाही. पण खरी गरज पाहिली तर चित्र उलटं आहे. पुण्यातल्या माणसाला वाटलं तर तो रिक्षा करून मनोविकारतज्ज्ञाकडे जाऊ शकतो. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २०२४ साल उजाडलं. तोवर ‘मोठा डॉक्टर’ म्हणजे नांदेड, हेच समीकरण होतं, आणि बऱ्याच घरांत आजही आहे.

निम्हान्स या बेंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्या १२ मध्ये नव्हता, पण अंदाज बांधायला आकडे पुरेसे आहेत. पाहणीच्या वेळी दर १०० प्रौढांपैकी दहाहून अधिक जणांना कुठला ना कुठला मनोविकार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. ही दरी फक्त दवाखाने बांधून भरायची तर अजून एक पिढी जाईल. म्हणून फोनकडे वळायचं. मात्र त्याआधी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

‘स्मार्टफोन लागतो, इंग्रजी लागतं, पैसे लागतात’

तिन्ही लागत नाहीत. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. नंबर १४४१६. बटनाच्या साध्या फोनवरूनही लागतो, दिवसरात्र चालू असतो आणि एक रुपयाही पडत नाही. देशभर मिळून २० भाषांत ही सेवा आहे आणि मराठी त्यात आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिचं अ‍ॅपही आलं, पण अ‍ॅप नसलं तरी काही अडत नाही.

फोन लावल्यावर होतं काय, हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी ध्वनिमुद्रित आवाज भाषा निवडायला सांगतो. मग प्रशिक्षित समुपदेशक फोनवर येतो. तो किंवा ती वय, गाव-जिल्हा अशी जुजबी माहिती घेते आणि साधे प्रश्न विचारते. झोप लागते का? पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, असं होतं का? जेवण जातं का? कामात लक्ष लागतं का? हे किती दिवसांपासून आहे? शेवटी एक प्रश्न बहुतेकदा सरळच येतो: जीव नकोसा वाटतो का, स्वतःचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का? हा प्रश्न ऐकून घरचे लोक दचकतात. ‘उगाच डोक्यात कशाला भरवता?’ असं त्यांचं म्हणणं. मानसोपचाराच्या क्षेत्रात ही गोष्ट वारंवार तपासली गेली आहे. विचारल्याने असा विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. उलट, आतल्या आत दाबलेलं बोलायला वाट मिळते.

तेवढ्यावर भागलं तर ठीक. नाही भागलं तर फोन मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे दिला जातो, आणि प्रत्यक्ष तपासणी हवी असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्याकडे पाठवलं जातं. या सेवेकडून सगळ्याची अपेक्षा ठेवू नये. एखाद्या समुपदेशकाशी सूर जुळत नाही, एखाद वेळी बोलणं घाईचं वाटतं. तेव्हा पुन्हा लावायचा. दवाखान्यातही पहिल्याच डॉक्टरपाशी आपलं जमतं असं कुठे आहे?

‘एवढ्याशासाठी कशाला फोन?’

वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत कित्येक वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात. २०२४ मध्ये मार्चला आणि पुन्हा जुलैला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, हिंगोलीबरोबर नांदेड आणि परभणीही हलले. अशा धक्क्यानंतर भांडं पडलं तरी छातीत धस्स होणं, पोरं एकटी झोपायला तयार नसणं, रात्र रात्र अंगणात काढणं हे वेडेपणाचं लक्षण नाही. तरीही ते महिनाभर तसंच राहिलं तर बोलण्याजोगं आहे. दहावी-बारावीचा निकाल, मोडलेलं लग्न, बाळंतपणानंतर सतत येणारं रडू, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची विस्मृती सांभाळून थकलेली सून, हे सगळं याच नंबरवर चालतं. ताप १०४ वर गेल्यावरच डॉक्टर गाठायचा, असा नियम आपण शरीराला लावत नाही.

‘बोलून कर्ज फिटतं का?’

शेतकऱ्याच्या घरातला हा प्रश्न खोचक आहे आणि रास्तही. समुपदेशनाने सोयाबीनला भाव येत नाही, हळद शिजवायच्या दिवसांत पडलेला अवकाळी पाऊस परत जात नाही. शेतीचं अर्थकारण बिघडलेलं असताना शेतकऱ्याला फक्त ‘सकारात्मक विचार करा’ म्हणणं ही थट्टाच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र नैराश्य हा आजार म्हणून त्यात शिरतो तेव्हा आणखी एक नुकसान करतो. तो माणसाची निर्णय घ्यायची ताकद काढून घेतो. पीकविम्याची तक्रार मुदतीत करायची राहते, बँकेत जाऊन बोलायला पाय उचलत नाही, फेरकर्जाचा कागद कोनाड्यात पडून राहतो, भावाला सांगायची लाज वाटते. कर्ज तेवढंच असतं, पण वाटा एकेक करून बंद झाल्यासारख्या दिसू लागतात. उपचाराने कर्ज कमी होत नाही, वाटा पुन्हा दिसायला लागतात.

राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला, त्यात हिंगोली होता. कल्पना अशी की आशाताईंनी घरोघरी जाऊन झोप-भूक-उदासी यांची विचारपूस करायची, कुणी खचलेलं दिसलं तर पुढे कळवायचं, आणि १०४ या आरोग्य क्रमांकावरून सल्ला मिळायचा. कागदावरची ही रचना शहाणपणाची होती, कारण मदत मागायला येईल त्याची वाट न बघता ती दारापर्यंत जात होती. आजही गावात कुणाला फोन लावायचं धाडस होत नसेल तर आशाताईंना मध्ये घालावं. त्यांच्या समोर बसून, त्यांच्याच फोनवरून पहिला फोन लावला तरी चालतो.

घरात कुणी खचलं असेल तर एक काम मात्र त्याच दिवशी करण्यासारखं आहे. फवारणीची औषधं घराबाहेर, कुलपात ठेवायची आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. टोकाची लाट बहुतेकदा थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत साधन हाताशी नसलं तर जीव वाचतो. कुणी काही करून घेतलंच असेल तर १४४१६ नव्हे, १०८ लावून रुग्णवाहिका बोलवायची.

आणि ‘दवाखान्यात नेलं तर पोलिस केस होईल’ या भीतीने उशीर करायचा नाही. ही भीती जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ मधून आलेली आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ ने आधीच सांगितलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालावं, त्याला शिक्षा करू नये, सरकारने त्याची काळजी घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं ३०९ राहिलंच नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा गुन्हा ठेवला आहे. दवाखाना पोलिसांना कळवेल, जबाब होईल, पण त्यासाठी रुग्णाला तुरुंगाची भीती बाळगायचं कारण नाही.

‘समोर बसल्याशिवाय उपचार होतच नाहीत’

अर्धं खरं. सौम्य ते मध्यम नैराश्य, चिंता, भीती यांच्यासाठी व्हिडिओवरून दिलेल्या संवादी उपचारांचे परिणाम समोरासमोरच्या उपचारांच्या जवळपास येतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. औषधांचंही बरंच जमतं. केंद्राच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टर दुरून चिठ्ठी देऊ शकतो, पहिल्या भेटीत बऱ्याच औषधांसाठी व्हिडिओ लागतो. गुंगीच्या नि सवय लावणाऱ्या ज्या गोळ्या अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात, त्या मात्र अशा चिठ्ठीवर मिळत नाहीत. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवरून झोपेच्या गोळ्या घरपोच देतो म्हणाला तर तिथेच थांबावं. बाकी ‘मनाच्या गोळ्या सुरू झाल्या की जन्माच्या मागे लागतात’ ही समजूत याच गुंगीच्या गोळ्यांवरून पसरली आहे. नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांचं व्यसन लागत नाही. ती डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायची असतात, मनाने एकदम तोडायची नसतात.

फोन जिथे तोकडा पडतो त्या जागाही माहीत हव्यात. दारू एकदम सोडल्यावर हातपाय थरथरू लागले, भास होऊ लागले. बाळंतीण असंबद्ध बोलू लागली. कानात आवाज येतात, कुणीतरी आपल्यावर करणी केली म्हणून माणूस जेवणच टाकू लागला, अशा वेळी थेट दवाखाना. उदासीमागे थायरॉइड किंवा रक्ताची कमतरता असू शकते, ती रक्त काढल्याशिवाय कळत नाही.

करणीचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू. आपल्याकडून बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीला रुग्ण नेणारी घरं कमी नाहीत. श्रद्धेवर वाद घालून रुग्ण बरा होत नाही, म्हणून मी म्हणतो, दर्शन करा, गोळीही द्या. साताऱ्याच्या ‘परिवर्तन’ संस्थेत काम करणारे डॉ. हमीद दाभोलकर यांच्यासारखे मनोविकारतज्ज्ञ अंधश्रद्धा निर्मूलन आणि मानसिक आरोग्य ही कामं हातात हात घालून करतात, त्याचं कारण हेच की आजारी माणूस आधी बहुतेकदा देवऋषीकडे पोचतो. पण साखळीने बांधणं चालणार नाही. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळदंड घालायला बंदी केली आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

‘सगळे समुपदेशक सारखेच’

इंटरनेटवर सगळ्यात मोठा धोका इथे आहे. ‘लाइफ कोच’, ‘हीलर’, ‘माइंड ट्रेनर’ या पाट्या कुणीही लावू शकतो. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, वैद्यकीय परिषदेत त्याची नोंदणी असते आणि तो औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेत असते, तो चाचण्या आणि संवादी उपचार करतो, गोळ्या देत नाही. समुपदेशकांसाठी २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा झाला, पण त्याची घडी अजून बसतेच आहे. तेव्हा पैसे भरण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही. ‘तीन सत्रांत हमखास बरा’ म्हणणारा, करणी-राशी-स्पंदनं यांचं मिश्रण विकणारा, आधी पूर्ण पॅकेज भरायला लावणारा टाळावा. यूट्यूबवरचे व्हिडिओ माहितीसाठी चांगले. ठाण्याच्या आयपीएच या डॉ. आनंद नाडकर्णींच्या संस्थेचे मराठी कार्यक्रम तर घरच्यांनी मिळून बघावेत असे आहेत. पण व्हिडिओ तुमचं ऐकून घेत नाही.

एआय चॅटबॉट ऐकल्यासारखं करतो, आणि हल्ली कॉलेजची मुलं रात्री दोनला त्याच्याशीच बोलतात. मन मोकळं करायला, प्रश्न नीट मांडायला त्याचा उपयोग होतोही. पण पलीकडे नोंदणी नसते, जबाबदारी नसते, आणि तो समोरच्याच्या होला हो मिळवण्याकडे झुकतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये एआयकडून थेट मानसोपचार देण्यावर कायद्यानेच बंदी घातली.

गुपित फुटण्याची भीती शेवटी राहिली. २०१७ च्या कायद्यात उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क आहे, जिवाला धोका असेल तर अपवाद. खाजगी अ‍ॅपच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावेत. ‘बेटरहेल्प’ या प्रसिद्ध अमेरिकी कंपनीला २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर मोजावे लागले, कारण लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती तिने जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवल्याचा ठपका होता. गावात खरी गळती होते ती मात्र घरातच. दोन खोल्या, पत्र्याची भिंत, आणि सगळ्यांचा मिळून एक फोन. म्हणून बोलायला शेतातला आखाडा बरा, रेंज मिळते तो बांध बरा. फोन सामाईक असेल तर कॉलची यादी पुसून टाकावी. आणि पुढच्या आठवड्यात चौकशीसाठी फोन येणार असेल तर कोणत्या वेळी करायचा हे समुपदेशकाला आधीच सांगून ठेवावं. कर्जवसुलीवाल्यांच्या धाकाने अनोळखी नंबर न उचलण्याची सवय बऱ्याच घरांना लागली आहे. त्या ठरलेल्या वेळी आलेला फोन तेवढा उचलायचा.