तासानंतरचा आकडा

वितळतारेचा धर्म आत्मनाशाचा. भार मर्यादेबाहेर गेला की तिने जळावे आणि घरधन्याने काळोखात चरफडत नवी तार बांधावी, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट मोडून, संकट टळताच पुन्हा कामावर रुजू होणारा फ्यूज भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात घडवला जात आहे असे कळल्यावर, मी काहीशा अविश्वासानेच तेथे गेलो.

पॉलिथिलीनमध्ये काजळी मळायची, तक्ता काढून दोन्ही अंगांना निकेलचा वर्ख दाबायचा, इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यासाठी बाहेर धाडायचा आणि चकत्या पाडायच्या, एवढीच कृती. थंड असताना पॉलिथिलीनचे स्फटिक काजळीला कडेला लोटतात आणि कणाला कण भिडून प्रवाहास वाट मिळते. चकती 125 अंशांच्या आसपास तापली की स्फटिक वितळतात, द्रव्य फुगते, कणांची साखळी तुटते आणि प्रतिरोध हजारो पटींनी वाढतो. बेल प्रयोगशाळेच्या जेराल्ड पिअर्सन यांनी असे तत्त्व 1941च्या पेटंटात नोंदवले होते; पण 1954च्या सिलिकॉन सौरघटाच्या तीन जनकांपैकी एक म्हणून त्यांची कीर्ती झाली आणि काजळीचे हे प्रकरण मागे पडले. कॅलिफोर्नियाच्या रेकेम कंपनीने अशा चकत्या बाजारात आणल्या त्या 1980च्या दशकात.

माझे लक्ष मात्र चाचणीच्या मेजावरील तंत्रज्ञ बाईंकडे वारंवार जाई. अर्धा अँपिअर निमूट वाहणाऱ्या चकतीतून त्यांनी अडीच अँपिअर सोडले. विझल्या मेणबत्तीसारखा वास दरवळला आणि तीन-एक सेकंदांत प्रवाह नाममात्र उरला. वीज तोडल्यावर लागलीच मोजा, असे मी सुचवताच त्या म्हणाल्या, “तास भरू द्या, साहेब. तासाच्या आतला आकडा मी वहीत घेत नाही.”

तास भरला. मूळचा 0.6 ओहम आता 0.9 झाला होता. चकती शुद्धीवर आली होती खरी, परंतु पूर्वपदावर नव्हे. कारण फुगून आकसलेल्या द्रव्यात काजळीचे कण जुन्या जागी तंतोतंत बसत नाहीत. बाईंना याचे नवल नव्हते. तासानंतरचा कमाल आकडा कोष्टकाच्या पहिल्या रकान्यात छापावा, म्हणजे मंडल आखणारा त्यावरच हिशेब करील, हा त्यांचा आग्रह; ग्राहक बिचकेल, ही विक्रीखात्याची हरकत. तूर्त तो आकडा शेवटच्या रकान्यात, बारीक टाइपात आहे. माझा कौल बाईंना.