सुईला न कळणारा ताप

मे महिन्यात कसारा घाटात बॉनेट उघडून, हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण सैल करणारे ड्रायव्हर आता क्वचितच दिसतात. गाड्या सुधारल्या. पण रिमॅप केलेल्या डिझेल फोर बाय फोरला चढणारा ताप निराळा असतो आणि तो डॅशबोर्डवरच्या सुईला कळत नाही. ती बिचारी फक्त कूलंटचं तापमान दाखवते.

नाशिककरांना या गाड्या घरच्या. २००२ साली आलेली स्कॉर्पिओ सातपूरच्या महिंद्रा कारखान्यातली, नंतरची थारही तिथलीच. जुन्या स्कॉर्पिओच्या बॉनेटवरचं ते उघडं नाक अनेकांना शोभेचं वाटतं. त्याच्या पोटात इंटरकूलर आहे, आणि त्याला वारा मिळावा म्हणून ते नाक.

टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं टोक चटका देतं, तसंच. बाहेर ४० अंश असताना टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, तर ती साधारण १३५ ते १४० अंशांवर बाहेर पडते. तापलेली हवा विरळ. तीच इंटरकूलरने ६० अंशांवर आणली, तर तेवढ्याच जागेत सुमारे २० टक्के जास्त हवा मावते.

रिमॅपमध्ये काय होतं? ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, लॅपटॉप जोडून डिझेल वाढवतात, बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब वाढवतात. इथे पेट्रोलवाल्यांचा हिशेब उलटा पडतो. पेट्रोल इंजिनात जास्तीचं इंधन ज्वलन थंड करतं. डिझेलमध्ये जास्तीचं इंधन म्हणजे जास्तीची आग. हवा कमी पडली की मागून काळा धूर, आणि टर्बोच्या तोंडाशी एक्झॉस्टचं तापमान सातशे अंशांच्या पुढे. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तेलाचा फवारा आणि कूलंट पिस्टनची उष्णता सतत ओढून नेतात म्हणून निभतं. क्षणभराच्या ओव्हरटेकला काही होत नाही. नांदुरीहून सप्तशृंगगडाकडे गाडी भरून, पाय दाबून चढत राहिलात, की खरी परीक्षा.

म्हणून लोक मोठा इंटरकूलर बसवतात. बरोबरच आहे, पण अर्धंच. निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. शेतातून आलेल्या मालाची उष्णता काढायला प्रीकूलिंगची नुसती थंड खोली पुरत नाही, पंख्याने क्रेटमधून वारा ओढावा लागतो. इंटरकूलरचंही तसंच. हायवेवर ऐंशीच्या वेगाला तो मन लावून काम करतो. लो रेंजमध्ये, पहिल्या गियरमध्ये, चिखलातून इंच इंच सरकताना समोरून वाराच नसतो. त्यातून तो इंजिनच्या डोक्यावर बसलेला असेल, तर खालच्या उष्णतेने स्वतःच तापतो. पुढे जाळीमागे बसवला तर रेडिएटरच्या वाट्याचा वारा अडवतो, मग कूलंटची सुई वर जाते. आकार जितका मोठा, पाइप जितके लांब, तितकी भरायला हवा जास्त. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करते.

माझं मत विचाराल तर पहिला खर्च इंटरकूलरवर नको, एक्झॉस्टचं तापमान दाखवणाऱ्या मीटरवर करा. त्याचा प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवायचा. काटा चढताना दिसला की पाय आपोआप हलका होतो. त्यानंतर मॅपमधलं डिझेल थोडं कमी करून घ्या. धूर काढणारी गाडी ताकदवान असते हा गैरसमज काही केल्या जात नाही. कंपनीची वॉरंटी आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, दोन्ही अशा बदलांच्या आड येतात, हे मीटर घेण्याआधीच वाचून ठेवा.

आणि इंटरकूलर बदलायचाच असेल, तर जुना एकदा उतरवून बघा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळी चिखलाचे थर फिन्समध्ये वाळून घट्ट बसलेले असतात. ते भिजवून, लांबून, हलक्या पाण्याने धुवायचे. वॉशिंग सेंटरचा पाइप जवळ धरलात तर फिन्स आडव्या होतात.