दीड वर्षाने पुन्हा धंद्याबद्दल लिहिताना

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका काकूंकडे भाजणी द्यायला गेले होते. काकूंनी विचारलं, "अगं, तू लिहायचीस ते बंद का केलंस? मी वाट बघायचे."

दीड वर्ष झालं होतं. दिवाळीच्या ऑर्डरी आल्या आणि लिहिणं मागे पडलं ते पडलंच.

धंद्याबद्दल लिहिण्याची मराठीतली परंपरा मोठी आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं ते पत्रक, पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं. निव्वळ जाहिरात असती तर घरोघरी कोणी वाचलं असतं?

म्हणून मी पुन्हा सुरुवात केली ती जाहिरातीने नाही, गिऱ्हाइकांच्या प्रश्नांपासून. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, आलेले प्रश्न वहीत उतरवले. सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न: "चकली तेलात विरते, काय करू?" उत्तर लिहिलं: मोहन जास्त झालंय. थोडी कोरडी भाजणी मिसळून पीठ पुन्हा मळा, आधी एकच चकली तळून बघा. झाली पोस्ट!

तुम्हीही पुन्हा लिहायला लागाल तेव्हा इतके दिवस का लिहिलं नाही, याचा खुलासा करत बसू नका. वाचणाऱ्याला आपल्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं. मात्र जुन्या पोस्टींमधले भाव आणि फोन नंबर आधी तपासा. माझ्याकडे जुन्या भावाने भाजणी मागणारे अजून येतात.

बडोद्यात किंवा कुठेही घरगुती धंदा करत असाल आणि लिहिणं थांबलं असेल, तर तुमचं गिऱ्हाईक सारखं काय विचारतं ते खाली लिहा. पहिली पोस्ट आपण मिळून ठरवू.