गवताने न उचललेले नत्र

हवा तापविणारे वायू म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर कारखान्यांची धुराडी आणि मोटारी येतात. हिरव्यागार कुरणाकडे कोणी बोट दाखवीत नाही. परंतु कुरणाच्या मातीतूनही असा एक वायू निघतो. तो म्हणजे नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशोबाने त्याचा एक किलो हा कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतकी उष्णता अडवितो.

हा वायू तयार करतात मातीतील सूक्ष्म जीव. खतातील किंवा जनावरांच्या मुतातील नत्राचे ते नायट्रेट बनवितात. पुढे पावसाने माती चिंब होऊन तिच्यातील हवा कोंडली, की दुसऱ्या जातीचे जीवाणू त्या नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात. या दोन्ही क्रियांत थोडा नायट्रस ऑक्साइड निसटतो. मुळांनी नत्र आधीच उचलले, तर जीवाणूंच्या वाट्याला कमी उरते. तेव्हा नत्र किती टाकले एवढाच प्रश्न नसून, गवताने किती उचलले हाही आहे.

नत्र उचलायला गवताला स्फुरद आणि पालाशाचीही जोड लागते. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे १८५६ साली लॉज आणि गिल्बर्ट यांनी एका कुरणाचे तुकडे पाडून त्यांना निरनिराळी खते देण्यास आरंभ केला. तो प्रयोग आजही चालू आहे. तेथे नुसते नत्र मिळालेल्या तुकड्यापेक्षा तिन्ही अन्नद्रव्ये मिळालेल्या तुकड्यात कितीतरी अधिक गवत येते.

आमच्या घरी प्रत्येक कापणीनंतर हत्तीगवताला युरिया फेकतात. पोत्यावरचे ‘४६ टक्के नत्र’ हे शब्द वाचणारा घरात मी पहिलाच. ४५ किलोंच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. त्यातील १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडते, असे आंतरराष्ट्रीय हिशोबात ढोबळमानाने धरतात. म्हणजे एका पोत्यामागे सुमारे ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार हवेवर पडतो. शिवाय काही नत्र पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते. त्याचे पैसे मात्र आम्ही मोजलेले असतात.

खत टाकूच नका, असे मी घरी म्हणणार नाही. जनावरांना चारा हवाच. परंतु माती तपासावी, उणे असेल ते स्फुरद-पालाश द्यावे, नत्र विभागून द्यावे आणि मुसळधार पावसाच्या तोंडावर देऊ नये, एवढे तर आपल्या हाती आहे.

आमचे वडील म्हणतात, “रान काळंभोर झालं म्हंजे खत लागलं.” ते खरेच आहे. पण जे लागले नाही, ते डोळ्यांना दिसत नाही.